गिनीपिगला लघवीचा त्रास, त्यात खाणंही बंद : काय करावं

गिनीपिग दुखणं लपवतो. तो पाठ वर काढून, केस फुलवून कोपऱ्यात बसलेला दिसतो तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. लघवीच्या त्रासात खाणंही सुटलं, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याचं आतडं आत चारा येत राहिला तरच चालतं. बारा तास पोटात काही गेलं नाही की ते मंदावतं, आणि मग मूतखड्याआधी उपासमारच जिवावर बेतते.

आधी पिंजऱ्यात पांढरा सुती कपडा पसरा आणि त्यावर पडणारी लघवी बघा. ती जराशी गढूळ असेल आणि वाळल्यावर पांढरी भुकटी उरली, तर बहुधा काळजी नको. बोटाला रेतीसारखं कचकचलं, लाल डाग दिसले, थेंबथेंब होत असेल किंवा लघवीच्या वेळी तो किंचाळत असेल, तर मूत्राशयात खडा किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. लेंड्या बारीक, कोरड्या किंवा कमी झाल्यात का तेही बघा. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. दहा टक्के घट म्हणजे प्रकरण गंभीर. कुंथूनही लघवी होत नसेल, विशेषतः नराला, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.

गोव्यात बहुतेक दवाखान्यांत कुत्री-मांजरंच जास्त येतात. म्हणून आधी फोन करून ‘गिनीपिग बघता का, एक्स-रे आहे का’ असं स्पष्ट विचारा. पणजीत टोंक इथे सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, तिथेही चौकशी करा. गिनीपिगचे खडे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि एक्स-रेत चांगले दिसतात. मादी असेल तर रक्त गर्भाशयातूनही येत असेल, म्हणून सोनोग्राफीबद्दल विचारा. वेदनाशामकाचा विषयही तुम्हीच काढा, कारण दुखत असताना तो खाणार नाही. औषध आणि मात्रा मात्र डॉक्टरच ठरवतील.

एक गोष्ट कळकळीने सांगते: फार्मसीतून अँटिबायोटिक आणून स्वतःच्या मनाने देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि पेनिसिलिनच्या कुळातली इतर औषधं तोंडावाटे दिली, तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो दगावू शकतो. लहान मुलांचं उरलेलं गुलाबी सिरप त्यातलंच असू शकतं.

आता भरवणं. पोट ढोलासारखं ताठ झालं असेल तर काही भरवू नका, आधी डॉक्टर. नाहीतर आजारी गवतखाऊ प्राण्यांसाठी मिळणारी तयार पावडर किंवा रोजच्या पेलेट्स (गिनीपिगचं तयार दाणेदार खाद्य) कोमट पाण्यात भिजवून मऊ लापशी करा. गिनीपिगला पंचात गुंडाळून मांडीवर घ्या, पण उताणा अजिबात करू नका. एक मिलिलिटरची सिरिंज पुढच्या दातांच्या मागे असलेल्या मोकळ्या जागेतून, गालाच्या बाजूने आत सरकवा. अर्धा मिलिलिटर द्या आणि थांबा. जबडा हलतोय, तो चावतोय हे दिसल्यावरच पुढचा घास. घाई केली तर लापशी फुप्फुसात जाते. एक किलोच्या गिनीपिगला दिवसभरात साधारण ५० ते ८० मिलिलिटर, पाच-सहा वेळा विभागून. रात्रीची एक वेळ चुकवू नका.

आहारात गवत सर्वांत महत्त्वाचं. टिमोथी नावाचं वाळलेलं गवत मिळत असेल तर तेच द्या. मोठ्या गिनीपिगला लसूणघास (अल्फाल्फा) नको, त्यात कॅल्शियम फार असतं. पावसाळ्यात आपल्या हवेत वाळलेल्या गवताला चटकन बुरशी धरते, म्हणून ते हवाबंद डब्यात ठेवा आणि कुबट वास आला की फेकून द्या. बाहेरून आणलेलं ताजं गवत स्वच्छ धुवा, कारण त्यावर उंदरांचं मूत असू शकतं. तांबडी भाजी (लाल माठ), पालक आणि शेवग्याची पानं खड्याच्या रुग्णाला टाळा. काकडी, लेट्यूस, ढबू मिरची चालते. भाज्या ओल्याच दिल्या की पाणीही पोटात जातं. पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकते, म्हणून शेजारी उथळ वाटीही ठेवा.

त्याचं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. निरोगी असताना किलोमागे रोज १० ते ३०, आजारात ३० ते ५० मिलिग्रॅम लागतं. ते सिरिंजने द्या; पाण्यात घातलं तर लवकर नष्ट होतं.

लघवीने भिजलेला मागचा भाग दिवसातून दोनदा कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा. ओलसर कातडी सोलवटते आणि तिथे माश्या अंडी घालतात. पावसात हे फार झपाट्याने होतं.

खडा काढल्यावरही पुन्हा होऊ शकतो, म्हणून नंतरही दर आठवड्याला वजन करत राहा. चवथीला गावच्या घरी जाणार असाल, तर गिनीपिग सिरिंजने भरवता येणाऱ्या माणसाकडेच सोपवा, आणि सोबत वजनाची वही व डॉक्टरांचा नंबर द्या.