पीएचडीच्या गाइडचं संशोधन कसं तपासावं

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियल सेंटरच्या कर्करोग संशोधन केंद्रात) पीएचडी करायची म्हणून अर्ज भरणारी बरीच मुलं गाइडचं नाव गूगल स्कॉलरवर टाकतात, एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांची सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांनी घेतलेले संदर्भ, यांवरून काढलेला आकडा) बघतात आणि तिथेच थांबतात. पुढची पाच-सहा वर्षं ज्या प्रयोगशाळेत काढायची, तिची पारख एका आकड्यावर करू नका.

सगळ्यात जास्त वेळ नावावर जातो, आणि तो द्यायलाच हवा. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, आधी आडनाव आणि मग आद्याक्षरं टाकून शोधतात. पाटील, कुलकर्णी, देशपांडे अशी आडनावं असली की त्याच आद्याक्षरांची आणखी कितीतरी माणसं यादीत येतात. २००२च्या आधीच्या नोंदींत बहुधा पूर्ण नाव नसतंच. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर काम दोन नावांत विभागलेलं सापडतं. संस्थेचं नाव जोडून यादी गाळता येते, पण एकच नाव टाकून भागत नाही. जुने पेपर परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटच्या नावावर आहेत, नंतरचे ॲक्ट्रेक, टाटा मेमोरियल सेंटर किंवा होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटच्या. चारही नावांनी शोधा. शिवाय २०१४पूर्वी पबमेड फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत असे, त्यामुळे दुसऱ्या संस्थेबरोबर केलेला त्या काळातला पेपर या चाळणीतून निसटतो. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची स्वतंत्र ओळख) १६ अंकी क्रमांक असेल तर काम सोपं होतं. मात्र ती यादी बहुतेक वेळा संशोधक स्वतः भरतो, म्हणून ती अपुरी असू शकते.

आता गेल्या दहा वर्षांचे पेपर एक्सेलमध्ये उतरवा: साल, जर्नल, मूळ संशोधन की आढावा, लेखकांचा क्रम. प्रयोगशाळेतल्या कामात साधारणपणे पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळाप्रमुखाचं असतं. म्हणून गाइडचं नाव शेवटी असलेले पेपर वेगळे काढा आणि पहिली नावं वाचा. ती विद्यार्थ्यांची आहेत का? एकेका विद्यार्थ्याचा पहिला पेपर प्रवेशानंतर किती वर्षांनी आला? तुमच्या दृष्टीने हा रकाना एच-इंडेक्सपेक्षा मोलाचा आहे. शंभर लेखकांच्या पेपरात मधेच कुठेतरी नाव असेल तर अशा पेपरांच्या संख्येला फार वजन देऊ नका.

होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला एच-इंडेक्स २० असणं म्हणजे किमान २० पेपरांना प्रत्येकी किमान २० सायटेशन्स असणं. तो कधी उतरत नाही, त्यामुळे ज्येष्ठांना आपोआप फायदा होतो. आढावा लेखांनीही तो फुगतो. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधी ऑनलाइन टाकलेले पेपर) मोजतं, म्हणून तिथला आकडा स्कोपस या सायटेशन डेटाबेसपेक्षा बहुधा मोठा दिसतो; एकाचा स्कॉलरवरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसवरचा आकडा शेजारी ठेवू नका. स्कोपसमध्ये स्वतःच्याच पेपरांतली सायटेशन्स वगळता येतात, ती वगळून बघा. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं आयसाइट मोफत आहे; पेपराला त्याच्या विषयाच्या तुलनेत किती सायटेशन्स मिळाली ते तिथे कळतं. त्यात १.० म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या एनआयएच-निधीच्या पेपरांची मधली पातळी.

रुग्णांवरच्या संशोधनात मात्र उपचारांबद्दलचा कुठला प्रश्न सुटला ते पाहावं. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा टाटा मेमोरियलमधला २०१५चा पेपर घ्या. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतल्या लसिका गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढायच्या, की त्यांत रोग दिसेपर्यंत थांबायचं, असा प्रश्न होता. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ६७.५. चाचणी असली की सीटीआरआयवरची (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली) तिची नोंदही उघडा. तिथे लिहिलेला मुख्य निकष आणि पेपरातला निकष वेगळा निघाला तर कारण पेपरात दिलेलं असायला हवं.

गाइडचं नाव रिट्रॅक्शन वॉचच्या (मागे घेतलेल्या पेपरांच्या) डेटाबेसमध्ये आणि पबपिअरवरही (छापून आलेल्या पेपरांवर टिप्पण्या होतात त्या संकेतस्थळावर) टाका. पेपर मागे घेतलेला दिसला तर सूचना पूर्ण वाचा: चूक लक्षात आल्यावर लेखकांनीच पेपर मागे घेणं वेगळं आणि वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीतली) तीच पट्टी दोन आकृत्यांत सापडणं वेगळं. पबपिअरवरची टिप्पणी म्हणजे सिद्ध झालेला आरोप नव्हे. लेखकांचं उत्तरही वाचा.

शेवटी यादीतले अलीकडचे दोन पेपर, पुरवणी आकृत्यांसकट, पूर्ण वाचा आणि गाइडला पाठवायच्या ईमेलमध्ये त्यांतल्या एखाद्या प्रयोगावर नेमका प्रश्न विचारा.