विहारातल्या मुलांची भाजे-कार्ले अभ्यास सहल कशी काढावी

तरुण मुलामुलींना लेण्यांवर न्यायचे असेल, तर एका दिवसात दोनच लेणी घ्या. पहिल्या वर्षी आम्ही भाजे, कार्ले आणि बेडसे अशी तिन्ही एका दिवसात घेतली. मुलं थकून गेली आणि एकही शिलालेख नीट वाचून झाला नाही. आता सकाळी भाजे, दुपारनंतर कार्ले आणि परतताना देहूरोड असा क्रम ठेवतो. पुणे–लोणावळा लोकलने हे सगळं जमतं, त्यामुळे खर्चही फार येत नाही.

दोन रविवार आधी

खरी सहल इथेच सुरू होते. विहारात फळा लावा आणि धम्मलिपीतला, म्हणजे ब्राह्मीतला, एकच शब्द शिकवा: 'दानं'. 'न' अगदी सोपा, आडव्या रेषेवर उभी काठी. अक्षराला उजवीकडे छोटी आडवी रेघ आली की काना, आणि टिंब दिसलं की अनुस्वार. मग मुलांना सांगा, की याच शब्दाने या लिपीचं कुलूप उघडलं. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरं पुन्हापुन्हा येतात, हे जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाच्या लक्षात आलं. या दानाच्या नोंदी असाव्यात असं त्यांनी ताडलं आणि १८३७ साली लिपी उलगडली. जे त्यांनी केलं ते आपल्यालाही करता येईल, या उत्साहात मुलं घरी वहीभर 'दानं' गिरवतात.

याच दिवशी पालकांची संमती घ्या. आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, मुली असतील तर सोबत महिला कार्यकर्त्या हव्यातच.

दिवस ठरवताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण पायऱ्या निसरड्या होतात आणि गर्दी उसळते. रविवार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा टाळा, कारण कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनासमोरच, एकवीरा आईचं मंदिर आहे. दर्शनाला आलेल्या कोळी बांधवांशी वाद घालायचा नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा. दुपारच्या लोकलमध्ये मोठा खंड पडतो, म्हणून वेळापत्रक पाहूनच निघा. डबा आणि पाणी प्रत्येकाने घरून आणावं.

सकाळी भाजे

मळवली स्टेशनवर उतरून चालत जा. चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. ते का, हे लगेच सांगू नका, मुलांनाच विचारा. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब तिरके रोवत. दगडात त्याची गरज नव्हती, तरी कारागिरांनी जुनं रूप तसंच कोरलं. पुढे १४ स्तूपांचा समूह आहे. त्यांवर इथे राहिलेल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं आहेत: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. इथे पाच मिनिटं सगळ्यांनी शांत बसावं.

दुपारनंतर कार्ले

मळवलीहून रिक्षा मिळते. चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून असल्याने या वेळी उजेड आतवर पोचतो. सुमारे ३८ मीटर लांब दालन आणि छताला आजही टिकून असलेल्या मूळच्या लाकडी कमानी पाहून मुलं आपोआप गप्प होतात. त्यांना पोटभर पाहू द्या, मग लेखांकडे वळा.

विजेरीचा उजेड समोरून नको, बाजूने तिरपा टाका, म्हणजे अक्षरं सावलीने उठून दिसतात. अक्षरांत खडू भरणे, पाणी मारणे, बोट फिरवणे पूर्ण बंद. कुठे तरी 'दानं' सापडतंच, आणि पहिल्यांदा ओळखणाऱ्या मुलीचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

मग दात्यांची नावं सांगा. वैजयंती नगरीचा श्रेष्ठी, म्हणजे बडा व्यापारी, भूतपाल या शैलगृहाला जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, उत्तम म्हणतो. पण त्याच्याजवळच धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे, सामी नावाचा सुतार आहे, घुणिकाची आई असलेली कोडी ही भिक्खुणी आहे, आणि कितीतरी यवनही, म्हणजे ग्रीकही, आहेत. "लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली" असं ऐकून आलेल्या मुलांना याहून चांगलं उत्तर मिळणार नाही. प्रत्येकाने एक दाता निवडून वहीत त्याचं नाव, गाव आणि काम लिहावं.

लेण्यात मेणबत्ती-अगरबत्ती लावू नका, काजळीने दगड काळा पडतो. मुलं हिरमुसतात, त्यांना थोडं थांबायला सांगा.

परतताना देहूरोड

इथल्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. त्रिशरण-पंचशील इथे घ्या, आणि दिवसभर पिशवीत राहिलेल्या मेणबत्त्या मुलांच्या हातांनी इथेच लावा.