कॉन्व्हेंट शाळेत नव्याने रुजू होताय? चॅपलविषयी थोडं

वेळापत्रक, पेपर तपासणी, डायरीतल्या नोंदी, सगळं कुणी ना कुणी समजावून सांगतं. चॅपलचं, म्हणजे शाळेतल्या छोट्या प्रार्थनामंदिराचं, मात्र राहून जातं. सिस्टरांना वाटतं, यांना माहीत असेल; आपल्याला वाटतं, विचारलं तर कसं दिसेल! मी बरीच वर्षं मुंबईतल्या अशा शाळेत शिकवतेय आणि घरी गौरी-गणपती असतात. माझ्यासारख्यांसाठीच हे लिहितेय.

चॅपल म्हणजे बाकं मांडलेला हॉल नव्हे, हे एकदा ध्यानात घेतलं की बाकीचं सोपं जातं. पुढे वेदीच्या मागे किंवा बाजूला एक छोटी बंद पेटी असते, तिला टॅबरनॅकल म्हणतात. मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, अर्पण केलेला ख्रिस्तप्रसाद तिच्यात ठेवतात आणि त्यात येशू खरोखर हजर आहे अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. जवळच एक दिवा, बहुधा लाल, अखंड तेवत असतो. म्हणून आत येणारे उजवा गुडघा जमिनीला टेकवतात. आपण टेकवायलाच हवा असं कुणी म्हणत नाही. दोन क्षण थांबून मान लववली तरी पुरे. नीट येत नसताना क्रुसाची खूण करायला जाऊ नका, ते बघणाऱ्यालाही अवघड वाटतं. चपला काही ठिकाणी बाहेर काढतात, काही ठिकाणी नाही. दाराशी नजर टाकली की कळतं. दाराजवळच्या भांड्यातलं पवित्र पाणी हात धुवायला नसतं, हे पहिलीच्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो प्रसादाच्या वेळी. प्रसाद नाकारू नये, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की रांग पुढे सरकली की आपणही उठतो. इथे नेमकं उलट आहे: न घेणं हाच मान. कम्युनियन, म्हणजे हा ख्रिस्तप्रसाद घेणं, फक्त तयारी करून पहिला कम्युनियन झालेल्या कॅथलिकांसाठी असतं. एखादं मूल प्रसादाची पांढरी चकती हातात घेऊन जागेवर येतं, घरी आईला द्यायला म्हणून खिशात ठेवतं. त्याचा हेतू चांगला असतो, पण कॅथलिकांच्या मनाला ते फार लागतं. असं दिसलं तर मुलाला ओरडू नका, तिथल्या तिथे फादरांना किंवा सिस्टरांना सांगा. आणि मुळात क्लास टीचरने बाकाच्या टोकाशी उभं राहावं. ज्यांना जायचंय त्यांना बाहेर येऊ द्यावं, बाकीच्यांनी पाय आत घेऊन बसावं, म्हणजे ढकलाढकली होत नाही. पायांवरून आठवलं: बाकाखालची लाकडी फळी गुडघे टेकायला असते. त्यावर बूट ठेवायची मुलांना भारी हौस!

मिस्सा चालू असताना सगळे उठले की उठावं, बसले की बसावं. गुडघे टेकण्याच्या वेळी शांत बसून राहिलात तरी चालतं. एखाद्या पालकाने विचारलंच, तर राज्यघटनेचं कलम 28(3) माहीत असू द्या: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत प्रार्थनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते.

कार्यक्रम चॅपलमध्ये असेल तेव्हा वेदीवर हजेरीपट, पर्स, पाण्याची बाटली काहीही ठेवायचं नाही, अगदी मिनिटभरसुद्धा. वाचनाचं स्टँड बायबलच्या वाचनासाठी असतं. सूत्रसंचालनाला वेगळा माइक मागून घ्या. फोटो काढायचे तर आधी विचारा.

सजावटीची हौस असेल तर तारीख बघा. ॲश वेन्सडेपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात वेदीवर फुलं ठेवत नाहीत, एखाददुसरा दिवस सोडला तर. आठ मार्चचा महिला दिन जवळजवळ दरवर्षी याच काळात येतो, आणि दरवर्षी कुणीतरी उत्साहाने दादरहून झेंडूच्या माळा घेऊन येतं. त्या हॉलमध्ये लावा.