.२२ रायफलला स्कोप घ्यायचाय? आधी ही तयारी करा

दुकानात जायच्या आधी घरी बसून एकच गोष्ट ठरवा, तुम्ही किती लांब मारणार आहात. किती झूमचा स्कोप (रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण) घ्यायचा हे त्यानंतर आपोआप कळतं. इकडे अमेरिकेत बरेच जण उलटं करतात, रुगर १०/२२ किंवा सीझेड ४५७ सारखी .२२ रायफल घेतात आणि लगेच ६-२४ वाला, म्हणजे ६ पट ते २४ पट मोठं दाखवणारा, मोठ्ठा स्कोप चढवतात, मग २५ यार्डावरचं टार्गेट त्यातून धूसर दिसतं आणि नजरेत मावत पण नाही. ५० यार्डापर्यंत कागदावर ग्रूप (एकाच नेमानं मारलेल्या गोळ्या किती जवळ बसतात ते) बघायचे किंवा सीझनमध्ये ससे-खारी एवढंच असेल तर २-७ किंवा ३-९ भरपूर झालं. एनआरएल२२ सारख्या मॅचेस खेळायच्या असतील, म्हणजे २५ ते १०० यार्ड आणि छोट्या छोट्या स्टीलच्या प्लेटा, तर वरच्या बाजूला १६-१८ पर्यंत झूम कामाला येतो, पण खालचा आकडा ४-५ च्या वर नको, कारण घड्याळ चालू असताना प्लेट शोधण्यातच वेळ जातो.

आणि मुलाला किंवा मुलीला ऑलिम्पिकच्या लाइनला घालायचं मनात असेल तर थांबा. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ज्यात ब्राँझ आणलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनला स्कोप चालतच नाही, तिथे पीप साइट असते, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायचा. ते पैसे चांगल्या पीप साइटला आणि जॅकेटला ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पॅरलॅक्स. ह्याकडे लोक बघतच नाहीत आणि माझ्या मते .२२ साठी हीच पहिली अट आहे. मोठ्या रायफलींचे साधे स्कोप बहुतेक करून १०० यार्डावर सेट करून येतात, रिमफायरचे, म्हणजे .२२ सारख्या छोट्या गोळीच्या रायफलींचे, ५०-६० वर. टार्गेट त्या अंतरावर नसेल तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला की क्रॉसहेअर (आतली नेम धरायची फुली) टार्गेटवरून सरकते, रायफल जागची हललेली नसताना सुद्धा! हिशोब सोपा आहे, ४० मिमी ऑब्जेक्टिव्हचा (पुढच्या भिंगाचा) स्कोप १०० वर सेट असेल आणि टार्गेट ५० वर असेल तर वाईटात वाईट १ सेंमीची चूक होऊ शकते, २५ वर असेल तर दीड सेंमी. ५० मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळच १०.४ मिमीचं असतं, म्हणजे नुसतं गाल ठेवण्यातल्या फरकानं दहा हातचा जातो. म्हणून एकतर ५० ला सेट केलेला रिमफायर स्कोप घ्या, नाहीतर समोरच्या भिंगाला फिरवायची रिंग किंवा बाजूला नॉब असलेला घ्या, आणि तो १०-१५ यार्डापर्यंत खाली येतो का ते बघा. नॉबवरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. रायफल सँडबॅगवर पक्की ठेवा, हात न लावता डोकं हळूच वरखाली करा, क्रॉसहेअर हलायची थांबेपर्यंत नॉब फिरवा आणि तिथे स्वतःची खूण करून ठेवा.

काच बघताना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघू नका, तिथे सगळेच छान दिसतात. दुकानदाराला विचारून नुसता स्कोप दारापर्यंत न्या, लांब झाडाखालच्या सावलीत फांद्या वेगवेगळ्या दिसतात का बघा, कडेला चित्र फाटतं का, उजेडातल्या पानांच्या कडेला जांभळी रेघ येते का बघा. झूम वाढवला की उजेड कमी होतो हे पण लक्षात असू द्या, ४० मिमीचा स्कोप ४ वर असताना डोळ्याला १० मिमीचा प्रकाश देतो, २० वर फक्त २ मिमी, संध्याकाळी तो पुरत नाही.

रेटिकल (आतल्या नेमाच्या रेघा) आणि टरेट (नेम वरखाली, डावीउजवीकडे सरकवायचे नॉब) एकाच मापात हवेत, दोन्ही एमओए किंवा दोन्ही मिल, ही कोन मोजायची दोन मापं आहेत. एक एमओए आणि एक मिल असं सस्तात मिळालं तरी घेऊ नका, रेंजवर डोकं गरम होतं. पाव एमओएची क्लिक ५० यार्डावर साधारण इंचाचा आठवा भाग सरकते, म्हणजे इंचाला आठ क्लिक. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची (नेहमीच्या वेगाची) गोळी ५० ला झीरो केली, म्हणजे नेम तिथेच गोळी लागेल असं जुळवलं, तर १०० ला सहा-सात इंच खाली पडते, त्यामुळे १०० मारणाऱ्यांनी हाताने फिरवायचा टरेट किंवा खाली रेघा असलेलं रेटिकल घ्यावं. आणि .३०८ सारख्या मोठ्या गोळीसाठी काढलेल्या रेघांचा .२२ ला काही उपयोग नाही.

माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा, आधी रायफलीवर बघा मग ऑर्डर करा. सीझेडला ११ मिमीची डव्हटेल (रायफलीतच कोरलेली खाच) असते, रुगरला बेस स्क्रूनं बसतो, विव्हर-पिकॅटिनी ह्या रुंद पट्टीच्या रिंगा डव्हटेलवर बसत नाहीत. नळी १ इंची की ३० मिमी तेही बघून ठेवा. बसवायच्या आधी चेंबर रिकामं आहे ना हे दोनदा बघा. झूम पूर्ण वाढवा, डोळे मिटून गाल बटवर नेहमीसारखा टेका आणि मग डोळे उघडा, कडेला काळी चंद्रकोर न दिसता पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे करा, थंडीत जॅकेट घालून मारणार असाल तर जॅकेट घालूनच करा. रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचनं, रिंगवाल्यानं सांगितलंय तेवढेच, बहुतेक ठिकाणी ते १५ ते २० इंच-पाउंडात असतं, जोर लावला की नळी चेपते.

गावी भावाकडे स्प्रिंगवाली एअर रायफल आहे म्हणून जुना रिमफायर स्कोप त्याला देऊ नका. .२२ चा धक्का मामुली असतो, पण स्प्रिंगवालीचा धक्का पुढच्या बाजूनं पण येतो आणि आतली भिंगं सैल होतात, तिला एअरगनसाठी म्हणून बनवलेलाच लागतो. तसंही अमेरिकेतून रायफल स्कोप बाहेर न्यायला निर्यातीचे नियम आहेत, बॅगेत टाकून विमानात बसू नका.

रेंजवर पहिल्या दिवशी एकाच ब्रँडच्या, एकाच लॉटच्या गोळ्या न्या, .२२ मध्ये गोळी बदलली की झीरो बदलतो. बोल्ट ॲक्शन असेल तर बोल्ट काढून बॅरलमधून २५ यार्डावरचं टार्गेट मधोमध आणा, मग क्रॉसहेअर तिथे आणा, म्हणजे पहिली गोळी कागदावर तरी लागेल. २५ ला झालं की ५० ला पाच-पाच गोळ्यांचे ग्रूप बघून झीरो करा. मग बॉक्स टेस्ट करा, नेम एकाच ठिकाणी ठेवून पाच गोळ्या, २० क्लिक वर करून पाच, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि शेवटचा ग्रूप पहिल्यावर येऊन बसायला हवा. नसेल बसत तर आधी स्क्रू तपासा, पुन्हा मारून बघा, तरी तेच झालं तर परत करायची मुदत संपायच्या आत पावती घेऊन दुकानात जा.