एअर रायफल अंगाला बसवून घेताना या चुका टाळा

2022 मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं कैरोत 10 मीटर एअर रायफलचं विश्वविजेतेपद जिंकलं. त्यानंतर "त्याच्याकडे आहे तीच रायफल आमच्या पोराला हवी" म्हणणारे पालक शूटिंग रेंजवर हमखास भेटतात. हौस समजू शकते. पण चांगल्या मॅच रायफलींच्या नळ्यांत आता फारसं डावं-उजवं उरलेलं नाही. गुण गळतात ते नळीखालच्या सामानात: चीक पीस (गाल टेकवायचा भाग), बट प्लेट (खांद्याला लागणारं मागचं टोक), ग्रिप (हाताची मूठ), ट्रिगर (चाप). दहा गुणांचं वर्तुळ अवघं अर्ध्या मिलिमीटरचं, तिथे गालाची ठेवण जराशी बदलली तरी फरक दिसतो.

सगळ्यात जास्त घोळ चीक पीसचा. तो खाली असला की मुलं मान वाकवून डोळा पीपपाशी, म्हणजे मागच्या साईटच्या बारीक भोकापाशी नेतात. 75 मिनिटांत 60 शॉट उभ्यानं मारायचे असतात. पहिले वीस छान जातात, चाळिसाव्यानंतर मान बोलू लागते आणि घरी ऐकू येतं, "स्टॅमिना कमी पडतोय." तपासणी सोपी आहे. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल सैल टेकवा आणि मग डोळे उघडा. फोरसाईट (नळीच्या टोकाची साईट) पीपच्या मधोमध दिसली तर ठीक. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर चीक पीस हलवा, मान नाही.

बट प्लेट किती मागे-पुढे ठेवायची, म्हणजे रायफलची लांबी, टी-शर्टवर ठरवणं ही नेहमीची चूक. शूटिंग जॅकेट जाडजूड असतं, ते चढवल्यावर तीच रायफल लांब पडते. वाढत्या वयाच्या मुलांचं माप तर दर काही महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं.

ग्रिप हाताला मोठी असेल तर बोट ट्रिगरपर्यंत ताणावं लागतं, पहिलं पेर सरळ मागे येत नाही आणि शॉट आडवे पसरतात. अशा वेळी नेम सरकवायला साईटचे क्लिक फिरवत बसू नका.

ट्रिगरचं उलट होतं. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरची ओढ किमान 500 ग्रॅमची हवी असा नियम आहे, रायफलला तशी अट नाही, म्हणून नवशिके तो पिसासारखा हलका करून ठेवतात. मग बोट टेकायच्या आत शॉट सुटतो. ट्रिगरच्या ओढीचा पहिला टप्पा स्पष्ट जाणवेल आणि दुसऱ्यावर बोट विसावेल, इतकं वजन असू द्या. फेरफार करताना रायफल रिकामी आणि तोंड टार्गेटकडेच.

वजनं लावली की रायफल स्थिर होते, खरंय. रायफलच्या एकूण वजनाची मर्यादा 5.5 किलोची आहे. पण तेरा वर्षांच्या पोरीच्या कमरेला ती मर्यादा गाठायची काय गरज?

फोरसाईटची रिंग फार लहान घेऊ नका. टार्गेटचा काळा भाग 30.5 मिलिमीटरचा, त्याच्याभोवती पांढरी कड मोकळी दिसली पाहिजे. रिंग घट्ट असली की डोळा थकतो.

ग्रुप (टार्गेटवरचा शॉटचा पुंजका) अचानक उभा पसरला तर आधी हवेच्या सिलिंडरचं प्रेशर बघा, मग स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू, मग पेलेटचा (छर्‍यांचा) डबा बदललाय का ते. तरी उलगडा झाला नाही तर प्रशिक्षकाला त्याच रायफलनं पाच शॉट टेकून मारायला सांगा. दोष कोणाचा ते तिथेच कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक माप वहीत लिहा, म्हणजे ऐनवेळी काही हललं तरी जागेवर आणता येईल. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फायनलआधीच्या सरावात अभिनव बिंद्राची साईट भलतीकडेच गेलेली निघाली होती. त्यानं ती हाताशी असलेल्या थोड्या वेळात जागेवर आणली आणि सुवर्ण जिंकलं.

जुनी रायफल घेत असाल तर रंग-पॉलिश नंतर बघा. आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. कंपनीनं दिलेली मुदत उलटली असेल तर स्पर्धेत तो चालत नाही, आणि नव्या सिलिंडरचा खर्च सौद्यात धरलेला नसतो.