मराठी माध्यमातून एमएलटीला आलात? आधी नाव विचारायला शिका

प्रवेशाचा घोळ आधी मिटवते. बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ असलं तरी एमएलटी, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी, आणि तसले कोर्स तिथले नव्हेत. सरकारी कॉलेजातली लॅब, इमेजिंग, डायलिसिसची बीएस्सी बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. बारावीला बायोलॉजी हवं.

थिअरीसाठी शब्द फोडा. हायपर म्हणजे वाढलेलं, हायपो म्हणजे घटलेलं, शेवटी 'एमिया' आलं की रक्तातलं. एवढ्यावर अर्धी पॅथॉलॉजी निघते. त्यासाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावा म्हणणाऱ्यांना खुशाल नमस्कार करा.

पोरं अडतात ती रक्त घेताना, आणि सुईमुळे नव्हे. खानापूरची आजी मराठी, बैलहोंगलची कन्नड, आणि आपण घाबरून कागदावरचं नाव मोठ्यानं वाचतो. मीही विचारलं होतं, "तुम्हीच शांतव्वा का?" बाईंनी मान डोलावली. शांतव्वा पलीकडच्या खाटेवर होत्या. सिस्टरनं हात धरला, "विचारायलीस का सांगायलीस?" नाव कधीही आपण सांगायचं नाही, पेशंटकडून वदवून घ्यायचं. "निम्म हेसरु हेळ्री", तुमचं नाव सांगा. मग "एनर तिंदीरेनु?", म्हणजे काही खाल्लंय का, नाहीतर उपाशीपोटीची शुगर फुकट. "कै चाचरी", हात लांब करा. एवढं कन्नड पहिल्या आठवड्यात पाठ पाहिजे. शेवटचा 'री' गिळू नका, तो आपला 'अहो' आहे.

दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळून ठेवू नका. सुई पंधरा ते तीस अंशांत. हे हाताला आपोआप येतं.

बाटल्यांचा क्रम मात्र येत नाही, तो घोकावाच लागतो: निळं झाकण, लाल, जांभळं, शेवटी करडं. जांभळ्यात पोटॅशियमचं ईडीटीए असतं, रक्त गोठू न देणारं रसायन. ते आधी भरून मग लाल भरलीत आणि थेंबभर जरी पुढं गेलं, तर पोटॅशियम खोटंच वाढतं, कॅल्शियम उतरतं, आणि डॉक्टर नसलेल्या आजारामागे धावतात. निळी खुणेपर्यंतच भरा. तिच्यात सायट्रेट असतं, तेही रक्त गोठू न देणारं. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, कमी भरलं की रिपोर्ट चुकला. बाटली हळू उलटीसुलटी करायची, ताकासारखी घुसळायची नाही. रक्तपेशी फुटल्या की पुन्हा पोटॅशियमच वाढलेलं दिसतं.

लेबल खाटेपाशीच लावा. खिशात बिनलेबलाच्या चार बाटल्या घेऊन लॅबकडे पळणारे मी पुष्कळ पाहिलेत.

शेवटी कापूस आणि "ओत्ति हिडीरी", दाबून धरा. कोपर दुमडायला लावू नका. हात सरळ राहिला की काळंनिळं कमी होतं.