आधी गोळ्यांची पिशवी, मग प्रश्न

संशोधनासाठी बीपीच्या पेशंटची मुलाखत घेताना "गोळ्या वेळेवर घेता ना?" असं विचारू नका. त्याला "हो"शिवाय उत्तरच नसतं. माझ्या पहिल्या आठ मुलाखती अशाच वाया गेल्या.

आता मी म्हणते, "आजी, गोळ्यांची पिशवी आणता का जरा?" पिशवी चटईवर त्यांनीच रिकामी करायची, आपण हात लावायचा नाही. मग एकेक स्ट्रिप त्यांच्याच हातात असताना विचारायचं, ही कशाची? कधी नकोशी वाटते का? साताऱ्याजवळच्या एका गावात आजींनी अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीची स्ट्रिप बाजूला सरकवली. "ही पाय सुजवती. सणाला पोळ्या लाटायला दिवसभर उभं राहायचं असतं, तेव्हा आठवडाभर आधीच बंद करते." पायाला सूज हा त्या गोळीचा खराच दुष्परिणाम आहे. आजींनी तो स्वतः ओळखला होता, त्यावर तोडगाही काढला होता. डॉक्टरांच्या कागदावर मात्र फक्त 'गोळ्या नियमित घेत नाहीत' एवढंच.

अशा वेळी समजावू नका. तुम्ही एकदा शिकवायला लागलात की पुढची उत्तरं तुम्हाला आवडतील अशीच येतात. सल्ला शेवटी द्या. एखादी व्यक्ती दुप्पट डोस घेत असेल किंवा छातीत दुखतंय म्हणत असेल, तर मात्र मुलाखत तिथेच थांबवून डॉक्टरांना गाठा.

"गोळी गरम पडते" हे वाक्य हमखास येतं. समजलं असं धरून मान डोलावू नका. "गरम पडते म्हणजे काय होतं?" विचारा आणि गप्प बसा. कुणाचं तोंड येतं, कुणाला लघवीला जळजळतं. शब्द त्यांचेच लिहा, रात्री टाइप करतानाही ते बदलू नका.

संशोधक रॉब हॉर्न आणि सहकाऱ्यांच्या 1999 च्या प्रश्नावलीत औषधाची गरज आणि औषधाची धास्ती वेगवेगळी मोजतात. या दोन गोष्टी मनात ठेवा, कारण एकाच माणसात दोन्ही असतात.

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन पेशंटच्या हिताला धरून आहे ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आधी घ्या, संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवा, उत्तरांमुळे उपचार बदलणार नाहीत हे स्पष्ट सांगा. डॉक्टरी अ‍ॅप्रन घालून जाऊ नका. सून शेजारी बसून उत्तरं देत असेल तर पुन्हा एकदा जा.

रेकॉर्डर बंद करून उंबऱ्यापाशी चप्पल घालताना खरं काही कानावर पडतं. ते लिहायचं असेल तर तिथेच विचारा, "आजी, हे लिहू का?" नाही म्हणाल्या तर नाही.